शेऱ्याचा रकाना

"आमची माणसं बदलायलाच तयार नसतात हो. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्याच्या केबिनमध्ये जाऊन बसा, चहा येईपर्यंत हा प्रश्न कानावर पडतो. विचारणारा मालक किंवा प्लांट मॅनेजर बहुधा मनापासून विचारत असतो. त्याने कर्ज काढून नवं यंत्र आणलेलं असतं, ट्रेनिंग दिलेलं असतं, जेवणही दिलेलं असतं. तरी तीन महिन्यांनी बघावं तर काम जुन्याच पद्धतीने चाललेलं. मग तो म्हणतो, माणसं हट्टी आहेत. या प्रकरणात आपण त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत, पण त्यासाठी आधी प्रश्नच थोडा दुरुस्त करून घ्यावा लागेल.

१. माणसं तर रोज बदलतात

सकाळी साडेसहाला बोईसर स्टेशनवर उभं राहावं. विरारकडून आलेली गर्दी, डहाणूकडून आलेली गर्दी, बाहेर शेअर रिक्षांची रांग, कंपन्यांच्या बसगाड्या. १६ एप्रिल २०१३ पर्यंत चर्चगेटची लोकल डहाणूरोडपर्यंत येत नव्हती. ती येऊ लागली तशी हजारो घरांतली डब्याची वेळ बदलली, झोपेची वेळ बदलली, मुलांनी कुठल्या कॉलेजात जायचं ते बदललं. कुणी कुणाला ट्रेनिंग दिलं नव्हतं.

या गर्दीतल्या कितीतरी ऑपरेटरांचे वडील भातशेती करत होते किंवा होडीवर जात होते. त्यांचा मुलगा आज रिॲक्टरचा दाब वाचतो, फोनवरून पैसे पाठवतो, उत्तर प्रदेशातून आलेल्या जोडीदाराशी हिंदीत बोलतो. एका पिढीत एवढं अंतर तोडलेल्या माणसाला 'बदलायला तयार नाही' म्हणणं मला पटत नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारू : बदल स्वीकारणारा हाच माणूस केबिनमधून आलेल्या काही बदलांपाशीच का अडतो?

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण शेवटपर्यंत आपल्या सोबत राहील. समजा, औषधांचा कच्चा माल बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. ऑपरेटर दर तासाला रिॲक्टरचं तापमान आणि दाब कागदी लॉगशीटवर लिहितात. व्यवस्थापनाने कागद बंद करून टॅब्लेट आणले. तीन महिन्यांनी दिसलं ते असं : कागद चालूच आहे, आणि टॅब्लेटमध्ये शिफ्ट सुटताना आठ तासांचे आकडे एकदम भरले जातात. आकडेही संशयास्पद गोल. ६०, ६०, ६५, ६५. मॅनेजर म्हणाला, कामचुकारपणा.

खरं काय होतं, ते शेवटी पाहू. त्याआधी दोन-तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

२. हाताची सवय ही मिळकत असते

नगावर पैसे मिळणारा एक पॅकिंग कामगार डोळ्यांपुढे आणा. कापडाचे नग घडी घालून पिशवीत भरायचे, नगाला ६ रुपये. तो दिवसाला १०० नग करतो, म्हणजे ६०० रुपये. आता घडी घालायची नवी पद्धत आली. ती खरोखरच चांगली आहे. हात बसला की दिवसाला ११० नग होतील.

पण हात बसायला वेळ लागतो. धरून चालू की पहिल्या आठवड्यात त्याचे रोज ६५ नग होतात, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ९५. सहा दिवसांचा आठवडा धरला तर पहिल्या आठवड्याचं नुकसान १,२६० रुपये, दुसऱ्याचं ७२०, तिसऱ्याचं १८०. एकूण २,१६० रुपये. चौथ्या आठवड्यापासून तो ११० नग करू लागला की आठवड्याला ३६० रुपये जास्त मिळतील. म्हणजे गमावलेलं भरून यायला आणखी सहा आठवडे. नऊ आठवड्यांनी तो जिथे होता तिथे येईल, आणि फायदा दहाव्यापासून सुरू होईल.

तो ठेकेदाराचा माणूस आहे. दहाव्या आठवड्यात ठेकेदार त्याला ठेवेल याची खात्री कोण देणार? आणि वेग वाढला म्हणून नगाचा दर ६ वरून साडेपाच केला, तर? त्याने हे गणित कागदावर मांडलेलं नसतं, पण त्याला ते येतं. त्याच्या नकाराला आपण स्वभाव म्हणतो. तो हिशेब असतो.

हे नेमकं असंच घडतं, हे पाऊण शतकापूर्वी एका कारखान्यात तपासून झालेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी पायजमे शिवणारा हारवूड नावाचा कारखाना होता. तिथेही नगावर मोबदला. काम बदललं की जुन्या, तरबेज कामगारांना पुन्हा वेग पकडायला नवशिक्यांपेक्षाही जास्त वेळ लागे, आणि बरेच जण सोडून जात. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे प्रयोग केला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीप्रमाणे नुसतं सांगितलं : उद्यापासून असं करायचं, दर असा. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी पाठवून बदल ठरवला. आणखी दोन गटांत सगळ्यांनीच बसून ठरवला.

पहिल्या गटाचं काम घसरलं ते घसरलेलंच राहिलं, आणि चाळीस दिवसांत १७ टक्के माणसं नोकरी सोडून गेली. बाकी गटांतून कुणीही गेलं नाही. सगळे बसलेल्या गटांनी सर्वांत लवकर जुना वेग गाठला आणि नंतर तो सुमारे १४ टक्क्यांनी ओलांडला.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटातली जी माणसं उरली होती, त्यांना सुमारे अडीच महिन्यांनी दुसऱ्या एका कामावर हलवलं. या वेळी त्यांना सोबत घेऊन. त्यांचंही काम झपाट्याने वर गेलं. माणसं तीच, कारखाना तोच.

सोबत घेणं म्हणजे सभा बोलावून माना डोलवून घेणं नव्हे. हारवूडमध्ये कामगारांपुढे हुबेहूब सारखे दोन कपडे ठेवले होते. त्यांतला एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. स्वस्त कुठला ते ओळखा, म्हणाले. कुणालाच ओळखता आलं नाही. मग खर्च कमी का करायला हवा, हे निराळं समजावून सांगायची गरज उरली नाही. त्यानंतर, कुठली हालचाल वाचवता येईल, हे कामगारांनीच सांगितलं. रोज दहा तास ती हालचाल करणाऱ्यालाच ते ठाऊक असतं.

३. फार लवकर 'हो' म्हणणारा साहेब

इथवर वाचून असं वाटेल की नेत्याने बदलाच्या बाजूने उभं राहायचं आणि माणसांना हळूहळू वळवायचं, एवढंच काम. रसायनांच्या कारखान्यात ही समजूत जीव घेऊ शकते. तारापूरमध्ये स्फोट आणि आगी झाल्या आहेत, माणसं गेली आहेत, आणि त्या घरांपुढे मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. पण जगभरचा रसायन उद्योग ज्या अपघातातून 'बदल' या शब्दाला घाबरायला शिकला, तो समजून घ्यायला हवा.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. सहा रिॲक्टर एका ओळीत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक. सायक्लोहेक्झेन नावाचा अतिज्वालाग्राही द्रव एकातून दुसऱ्यात वाहत जाई. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिॲक्टरला तडा दिसला. उत्पादन थांबवायचं नव्हतं. मग पाचवा काढून टाकायचा आणि चौथ्यातून सहाव्यात तात्पुरता पाइप जोडायचा, असं ठरलं. रिॲक्टरची तोंडं २८ इंचांची होती, हाताशी पाइप होता २० इंचांचा. दोन्ही टोकांच्या उंचीत फरक, म्हणून पाइप वाकडा करावा लागला. त्याचा नकाशा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता. हे पाहायला जो अनुभवी मेकॅनिकल इंजिनिअर हवा, त्याची जागा तेव्हा रिकामी होती.

१ जून १९७४, शनिवार, संध्याकाळी तो पाइप निखळला. ढगासारखी वाफ पसरली, पेटली आणि कारखाना जमीनदोस्त झाला. २८ माणसं मेली. सुट्टीचा वार नसता तर आकडा कितीतरी मोठा असता.

यात बदलाला विरोध करणारं कुणीच नव्हतं. सगळे उत्साही होते, कामसू होते, अडचणीतून मार्ग काढणारे होते. एकानेही थांबून विचारलं नाही की हा वाकडा पाइप आतल्या दाबाने सरळ व्हायला बघेल, तेव्हा त्याला धरून कोण ठेवणार?

या अपघातानंतर एक शिस्त रुजत गेली. तिला बदलाचं नियंत्रण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. आपण घरी आजारी माणसाचं औषध बदलताना जे करतो तेच : कुणी सांगितलं, का बदललं, आधीच्या औषधाशी याचं जमतं का, त्रास झाला तर काय करायचं, आणि रात्री उशाशी बसणाऱ्याला हे माहीत आहे का. कारखान्यात 'औषध' म्हणजे व्हॉल्व्ह, गॅस्केट, कच्च्या मालाचा पुरवठादार, सॉल्व्हंट, बॅचचा क्रम, किंवा शिफ्टमधली माणसांची संख्या. पन्नास रुपयांचं रबरी गॅस्केट टेफ्लॉनच्या जागी बसवणं हाही बदलच. त्या सॉल्व्हंटमध्ये रबर फुगत असेल तर तो फार मोठा बदल ठरतो.

तेव्हा बदल स्वीकारणारा नेता कोण? ज्याला स्वतःची घाई आवरता येते तो. "हे दोन दिवसांसाठीच आहे" हे वाक्य ऐकलं की त्याचे कान टवकारायला हवेत.

४. तारापूरच्या अणुभट्टीने काय काय बदललं

आता बोईसरपासून जवळच असलेलं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र पाहू. बदल म्हणजे नेहमी काहीतरी नवं, मोठं, वाढणारं असतं, ही समजूत इथे गळून पडते.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरचे पहिले दोन संच वीज देऊ लागले. या भट्ट्यांत पाणी थेट उकळतं आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं. त्यांना समृद्ध युरेनियम लागतं. खाणीतल्या युरेनियमच्या हजार अणूंत कामाचे अणू जेमतेम सात असतात, आणि या भट्ट्यांना ते प्रमाण काही पटींनी वाढवून हवं असतं. असं इंधन अमेरिका तीस वर्षं पुरवणार, असं ठरलं होतं.

१८ मे १९७४ रोजी पोखरणची अणुचाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अणुप्रसार रोखण्यासाठी नवा कायदा केला आणि तारापूरचं इंधन अडलं, सुटे भागही अडले. केंद्र तर चालू ठेवायचं होतं. १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि इंधन फ्रान्सकडून येऊ लागलं. पुढे ते चीन आणि रशियाकडूनही आलं. दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी युरेनियम आणि प्लुटोनियमचं मिश्र इंधन बनवून, थोड्या प्रमाणात, याच भट्ट्यांत वापरून पाहिलं.

एका घरात गॅस, मग रॉकेल, मग लाकूड अशी चूल बदलावी लागली तर स्वयंपाक करणारीची काय तारांबळ उडेल! इथे तर चूल तीच ठेवून इंधन बदलायचं होतं, आणि चुकीला जागा नव्हती.

त्याहून अवघड बदल दुसराच होता. प्रत्येक संचाची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. थेट वाफेच्या जोडीला आणखी वाफ बनवणाऱ्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा ऐंशीच्या दशकात ती यंत्रणा बाजूला काढली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणली. कुठल्याही कंपनीच्या बैठकीत "आपण पन्नास मेगावॅट सोडून देऊ" असं म्हणून पाहा, म्हणणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते कळेल. पण ते सोडलं म्हणून पुढली कित्येक वर्षं संच चालू राहिले. कमी घेणं स्वीकारता येणं हे नेतृत्वाचं काम आहे, आणि आपल्याकडे त्याची दखल फार कमी घेतली जाते.

२००५-०६ मध्ये हे दोन्ही संच थांबवून त्यांची सुरक्षा वाढवण्यात आली. दोघांत मिळून वापरल्या जाणाऱ्या यंत्रणा वेगळ्या केल्या, आणीबाणीचे डिझेल जनरेटर बदलले. २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला, तेव्हा वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी सोडता यावं यासाठी देशभरातल्या केंद्रांत जोडण्या बसवण्यात आल्या. २०२० मध्ये हे दोन्ही संच पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केले गेले. नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला इथे परवाना लागतो, आणि तो ठरावीक काळाने परीक्षा देऊन पुन्हा मिळवावा लागतो. वीस वर्षं काढली म्हणून कुणी सुटत नाही. वरिष्ठाला परीक्षेला बसताना पाहिलं की नव्या मुलाला शिकण्याची लाज वाटत नाही, असं मला नेहमी वाटतं.

याच केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. केंद्राच्या इतिहासात तो विस्तार आहे, आणि त्या गावच्या म्हातारीसाठी ते अंगणाचं जाणं आहे. बदलाचा हिशेब मांडताना कुंपणाबाहेरची बाजू लिहिली नाही, तर तो हिशेब अपुरा राहतो.

५. नवापूरच्या किनाऱ्यावरून

कुंपणाबाहेरचं कुणी ऐकलं नाही की काय होतं, हेही या वसाहतीने पाहिलं आहे. कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. पाणी कसं आहे हे सर्वांत आधी कळलं ते मच्छीमारांना. जाळ्यात काय येतं आणि काय यायचं थांबलं, यावरून त्यांनी ते ओळखलं. ते बोलत राहिले. शेवटी २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होतं. सामायिक सांडपाणी केंद्राची क्षमता २५ एमएलडी, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटर, पुरेना. ५० एमएलडीचं नवं केंद्र उभं करावं लागलं.

व्यवस्थापनाला बदल महाग वाटतो तो बहुधा नोटीस आल्यानंतर. आधी केला असता तर तो पुष्कळदा स्वस्त असतो. तेलकट कढई आणि चहाचे कप एकाच पाण्यात टाकले तर सगळीच भांडी तेलकट होतात. कढई वेगळी धुतली तर साबण कमी लागतो. सांडपाण्याचंही तसंच. समजा, कारखान्यातून दिवसाला एक लाख लिटर पाणी निघतं आणि त्यातलं खरं तीव्र पाणी फक्त ५ हजार लिटर आहे. ते आधीच वेगळं काढलं तर उरलेल्या ९५ हजारांवर प्रक्रिया करणं कितीतरी सोपं होतं. ते ५ हजार लिटर कुठल्या धुण्यातून येतं, हे अहवालात शोधत बसण्यापेक्षा रात्रपाळीच्या हेल्परला विचारावं. वासावरून सांगेल.

६. परत लॉगशीटकडे

आपल्या कल्पित कारखान्यात आता प्लांट मॅनेजर एका रात्री साडेदहाला येतो. सूचना न देता, पण पकडायलाही नाही. तो ऑपरेटरला म्हणतो, "काका, आज टॅब्लेटची नोंद मी करतो. तुम्ही मला चुकलं तिथं सांगा."

पहिल्याच तासाला त्याला कळतं की सॉल्व्हंटच्या भागात साधं इलेक्ट्रॉनिक उपकरण नेता येत नाही. ठिणगीची भीती. ज्वालारोधक टॅब्लेट महाग, म्हणून खरेदीत साधे घेतलेले, आणि ते बाहेर सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलेले. म्हणजे चार रिॲक्टरांचे आठ आकडे डोक्यात धरून चाळीस पावलं चालायचं. तिसऱ्या फेरीला त्याचे स्वतःचेच आकडे गोल होऊ लागतात.

दुसरं कळतं ते बाराच्या सुमाराला. नोंद पाच मिनिटं उशिरा झाली की पडद्यावर लाल खूण येते आणि वर मेल जाते. त्याच वेळी बॅच तापत होती आणि काका व्हॉल्व्हपाशी उभे होते. तिथून हलणं चूक ठरलं असतं.

तिसरी गोष्ट त्याला पहाटे दिसते. काका अजून कागद का भरतात, हे विचारल्यावर ते जुनी लॉगशीट पुढे करतात. आकड्यांच्या चौकटीबाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : पंप दोनचा आवाज वेगळा. काचेवर ओल. कंडेन्सरचं पाणी आज कमी. सकाळच्या शिफ्टचा माणूस आला की आधी आकडे नाही, हा समास वाचतो. टॅब्लेटमध्ये आकड्यांसाठी चौसष्ट चौकोन होते. शेऱ्याला जागाच नव्हती.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या भागासाठी दोन ज्वालारोधक टॅब्लेट मागवले गेले. पहिल्या महिन्यात उशिराची लाल खूण बंद ठेवली, आणि तसं तिन्ही शिफ्टना मॅनेजरने स्वतः, ठेक्याच्या माणसांना हिंदीतही, सांगितलं. कागद लगेच काढला नाही, महिनाभर दोन्ही चालू दिले, आणि त्यासाठी प्रत्येक शिफ्टला एक माणूस जास्त दिला. आणि पडद्यावर खाली एक लांब रकाना आला : शेरा. टाइप करता येत नसेल तर बोलून नोंदवायची सोय केली.

त्यातली पहिली नोंद रात्री पावणेचारची होती. बोललेली, मागे पंपाची घरघर. "रिॲक्टर तीनच्या खालचा व्हॉल्व्ह फिरवायला जड जातोय. चालतोय अजून, पण बघून घ्या."

सकाळची शिफ्ट लागायच्या आधी फिटर तिथे पोचला होता.